न्हाणीघराची फरशी आणि तिच्याखालचें पाणी

घर बांधणें किंवा जुनें घर नवें करणें हा गृहस्थाच्या आयुष्यांतील एक मोठा प्रसंग असतो. अशा वेळीं दिवाणखान्याचा रंग, स्वयंपाकघरांतील ओटा, देवघराची जागा यांविषयीं घरांतील लहानथोर मंडळी आठवडेच्या आठवडे खल करितात. न्हाणीघराचा विषय निघाला म्हणजे मात्र सारी चर्चा एकाच प्रश्नापाशीं येऊन थांबते, आणि तो म्हणजे फरशी कोणत्या रंगाची घ्यावी हा. दुकानांत जाऊन एखादी चकचकीत फरशी पसंत केली, कीं न्हाणीघराचें काम निम्में झालें अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः त्या कामांत फरशी ही शेवटची गोष्ट होय. पाणी अडविण्याचें काम फरशी करीत नाहीं. तें तिच्याखालीं असलेल्या, आणि एकदां झांकल्यावर पुन्हां दृष्टीस न पडणाऱ्या, एका पातळ थराकडे असतें. या थराकडे दुर्लक्ष झाल्यास काय होतें, आणि तो कसा करून घ्यावा, याविषयीं चार उपयुक्त गोष्टी सांगाव्या या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

विषय क्षुल्लक आहे असें प्रथमदर्शनीं कोणास वाटेल. तसें वाटणाऱ्यांसाठीं आमच्याच इमारतींत घडलेली एक हकीकत प्रथम सांगतों.

एक हकीकत

आमच्या येथें एकावर एक अशीं दोन बिऱ्हाडें आहेत. दोघांचा तीस वर्षांचा घरोबा. एकाकडे मंगळागौर असली म्हणजे वाढपाचीं भांडीं दुसऱ्याकडून यावयाचीं, आणि एकाचीं मुलें दुसऱ्याच्या घरीं अभ्यासाला बसावयाचीं. कांहीं वर्षांपूर्वीं वरच्या मंडळींनीं मोठ्या हौसेनें न्हाणीघर नवें केलें. शॉवर घेतला, त्याच्याभोंवतीं कांचेचा आडोसा घेतला, भिंतींना छतापर्यंत झिलईची फरशी लावली. इमारतींतील आम्ही सर्वांनीं तें पाहून वाखाणिलें. चार महिने झाले न झाले तोंच खालच्या बिऱ्हाडांत न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीच्या छतावर ताटाएवढा डाग उमटला. पुढें तो पसरत भिंतीवर उतरला. त्या खोलींत त्यांची लेक बाळंतपणासाठीं आलेली होती.

खालचे गृहस्थ वर गेले. वरच्यांनीं त्यांना आदरानें आंत नेलें आणि न्हाणीघर दाखविलें. "अण्णा, ह्या असल्या फरशींतून पाणी जाईलच कसं?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीं प्रामाणिक होता. तरी त्यांनीं मिस्त्री बोलावून सांध्यांत दोनदां पांढरें सिमेंट भरून घेतलें. डाग कांहीं दिवस सुकल्यासारखा वाटे आणि पुन्हां ओला होई. तक्रारींचीं पत्रें संस्थेच्या चिटणिसाकडे जाऊं लागलीं. पुढें हळदीकुंकवाचीं बोलावणीं थांबलीं, आणि मुलांचें येणें-जाणेंही थांबलें. शेवटीं एका रात्रीं छताच्या गिलाव्याची मोठी खपली सुटून पाळण्यापासून हातभर अंतरावर पडली. बाळ बचावलें हें ईश्वरी कृपेनेंच म्हणावयाचें.

दुसऱ्या दिवशीं वरचें न्हाणीघर फोडलें. जुन्या फरशीवरच वाळू-सिमेंट पसरून नवी फरशी बसविली होती. पाणी अडवील असें मध्यें कांहींच नव्हतें. मग सर्व काम पहिल्यापासून झालें, डागही वाळला. परंतु त्या दोन घरांचा घरोबा पूर्वीसारखा व्हावयास अजून अवकाश आहे.

पाणी जातें कोठून?

वरच्या गृहस्थांचा प्रश्न आपण नीट तपासून पाहूं. झिलईच्या फरशींतून पाणी जात नाहीं हें खरें आहे. परंतु फरशी अखंड नसते. ती तुकड्या-तुकड्यांनीं बसविलेली असते. तीन फूट लांब व तीन फूट रुंद असा शॉवरचा कोपरा घेतला आणि त्यांत फूटभर मापाच्या चौकोनी फरश्या बसविल्या, तर जमिनीवरच, चारही कडा धरून, चोवीस फूट लांबीचा सांधा होतो. शेजारच्या दोन भिंती सात फूट उंचीपर्यंत मढविल्या, तर आणखी चौसष्ट फूट. म्हणजे एवढ्याशा कोपऱ्यांत अठ्ठ्याऐंशी फूट लांबीची वाट पाण्याला मोकळी असते. हा सांधा सिमेंटच्या पुडीनें भरलेला असला, तरी सिमेंट वाळतांना त्यांतील जास्तीचें पाणी उडून जातें आणि मागें केसाहूनही बारीक छिद्रें राहतात. दिव्याची वात तेल वर ओढते तसें ह्या छिद्रांतून पाणी आडवें, खालीं, आणि प्रसंगीं वरही ओढलें जातें. फरशीच्या पाठीमागें मसाला नीट न लागल्यामुळें पोकळी राहिली असेल, तर तेथें हें पाणी सांचून बसतें, आणि वरून फरशी कोरडी दिसत असतांही खालीं अहोरात्र ओल राहते.

ओल केवळ डाग पाडून थांबत नाहीं. आपल्या घरांचे स्लॅब लोखंडी सळयांवर उभे आहेत. ओल सळईपर्यंत पोंचली कीं तिला गंज चढतो, आणि गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक जागा व्यापतो. त्याला जागा हवी म्हणून तो भोंवतालचें काँक्रीट फोडतो. गिलाव्याच्या खपल्या पडतात त्या अशा. सबब हा प्रश्न शोभेचा नसून इमारतीच्या आयुष्याचा आहे.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आपली स्नानाची पद्धत बदलली. न्हाणी बांधण्याची पद्धत मात्र त्या मानानें बदललेली नाहीं. पूर्वीं वाड्यांत न्हाणी तळमजल्यावर असे. बंबांतलें पाणी घंगाळांत काढून, पाटावर किंवा दगडावर बसून, तांब्यानें स्नान करावयाचें. एका माणसास एक-दोन बादल्या पाणी लागे. तें अंगावरून खालीं शहाबादी फरशीवर पडे, आणि मोरीवाटें परसांत जाऊन तेथील अळूला आणि केळींना मिळे. भिंत भिजलीच तर गुडघाभर. आतां आपण उभे राहून शॉवरखालीं स्नान करितों. साधा शॉवर मिनिटास आठ-दहा लिटर पाणी टाकतो. दहा मिनिटांत ऐंशी ते शंभर लिटर. हें पाणी साडेसहा फुटांवरून पडतें आणि भिंत डोक्याइतक्या उंचीपर्यंत भिजवितें. त्यांत एकत्र कुटुंब असलें म्हणजे पहाटे पांचापासून नऊपर्यंत एकामागून एक आठ माणसें स्नान करणार. मधल्या काळांत भिंतीला वाळावयास सवड म्हणून मिळत नाहीं. पुष्कळ मिस्त्री आजही जमिनीवर लेप देऊन भिंतीवर तो फूटभरच चढवितात. बादलीच्या स्नानाला तेवढें पुरत होतें. शॉवरला पुरत नाहीं. शिवाय पूर्वीं जें पाणी अळूला मिळे, त्याच्या वाटेंत आतां शेजाऱ्याचें छत आहे.

पूर्वजांची दृष्टि

पाणी अडविणारा थर निराळा आणि डोळ्यांना दिसणारा थर निराळा, हा विचार नवा नाहीं. मोहेंजोदडो येथें १९२५-२६ सालीं जें महास्नानगृह उत्खननांत सांपडलें, तें सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचें आहे. त्याचें कुंड सुमारें ३९ फूट लांब, २३ फूट रुंद आणि ८ फूट खोल. त्याच्या दर्शनी विटा उभ्या कडेवर, अगदीं घट्ट सांध्यांनीं, जिप्समच्या मसाल्यांत बसविल्या आहेत. एवढ्या घट्ट कामावर कोणीही समाधान मानलें असतें. पण त्या कारागिरांनीं मानलें नाहीं. विटांच्या ह्या दर्शनी भिंतीच्या मागें त्यांनीं सुमारें इंचभर जाडीचा डांबराचा थर दिला, आणि त्याच्या मागें पुन्हां विटांचें बांधकाम केलें. तेथील साध्या घरांतही न्हाणीच्या विटा घांसून घट्ट बसविलेल्या व मोरीकडे उतरत्या असत.

संस्कृत ग्रंथांतही ह्या विषयाचा विचार आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या 'बृहत्संहिता' ग्रंथांत 'वज्रलेप' या नांवाचें एक प्रकरणच घातलें आहे. कच्चीं टेंभुर्णीं, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें, सालईचें बीं, धामणीची साल आणि वेखंड हीं द्रोणभर पाण्यांत घालून त्यांचा अष्टमांश काढा उरवावा, आणि त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेलफळ इत्यादि पदार्थांचा कल्क घालावा, असें तेथें सांगितलें आहे. हा लेप तापवून प्रासाद, घरें, मूर्ति, भिंती व विहिरी यांवर द्यावयाचा. तो कोटि वर्षें टिकतो ही ग्रंथकाराची ग्वाही आपण अतिशयोक्ति म्हणून सोडून देऊं. परंतु चुन्याच्या व दगडाच्या कामाला चिकट व लवचिक असा निराळा लेप लागतो, हें मर्म त्यानें नेमकें ओळखलें होतें. आजचा जलरोधक लेप सिमेंटची पूड आणि रबरासारखा लवचिक पातळ द्रव एकत्र करून बनवितात. द्रव्यें बदललीं आहेत, तत्त्व तेंच आहे.

काम कसें करून घ्यावें

गेल्या वर्षीं आमच्याही न्हाणीघराचें काम निघालें. सात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशी ती खोली. तिच्या एका टोकास शॉवरचा कोपरा करावयाचा होता. शाळेंतील सेवा संपून बरींच वर्षें झालीं असलीं, तरी हजेरी घेण्याची संवय सुटलेली नाहीं. सबब सतरा दिवस आम्ही दाराशीं खुर्ची टाकून आणि हातीं वही घेऊन बसलों. सामान आणण्यापूर्वीं वाचून, विचारून जें समजलें, आणि काम चालतांना जें प्रत्यक्ष पाहिलें, तें क्रमानें देतों.

प्रथम फोडणें. जुनी फरशी, तिच्याखालचा मसाला आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा हें सर्व स्लॅबपर्यंत काढावें. जुन्या फरशीवर नवी चढविण्याचा मोह टाळावा. फोडल्यावर पुष्कळदां असें आढळतें कीं, गळती फरशींतून नसून एखाद्या नळाच्या सांध्यांतून किंवा मोरीच्या तोंडाशीं आहे. नवे नळ भिंतींत पुरण्यापूर्वीं दाबपंप लावून त्यांत पाणी भरून ठेवावें; दाबाची सुई रात्रभर जागची हलतां कामा नये. आमच्या येथें ती पहांटेपर्यंत दोन घरें खालीं आली. एक कोपर बदलावें लागलें. तें उघड्यावर होतें म्हणून घटकाभरांत बदललें. फरशीमागें असतें तर भिंत फोडावी लागली असती.

दुसरी गोष्ट मोरीच्या तोंडाची. जाळीखालीं जें भांडें बसवितात त्याला आपल्याकडील इंजिनिअर मंडळी इंग्रजी बोलतांनाही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. संस्कृतांतील 'स्नान' पासून प्राकृताच्या वाटेनें आलेला आपला 'न्हाणी' हा शब्द अशा रीतीनें यंत्रशास्त्रांत जाऊन बसला आहे. या भांड्यांत सुमारें दोन इंच पाणी सदैव उभें राहून दुर्गंधीला अडवितें. तें भांडें स्लॅबच्या भोंकांत बसविल्यावर त्याच्या भोंवतालची फट न आकसणाऱ्या मसाल्यानें ठासून भरावी. साधें सिमेंट वाळतांना आकसतें आणि गोल भेग पडते. अनेक न्हाणीघरांची गळती ह्या भेगेंतूनच सुरू होते.

तिसरी गोष्ट 'वाटा'. जमीन आणि भिंत जेथें काटकोनांत मिळतात, तो कोपरा सर्वांत दुर्बळ असतो, कारण जमीन व भिंत ऊन-थंडीनें वेगवेगळ्या हलतात. तेथें मसाल्याचा गोलसर वाटा काढावा, म्हणजे लेप काटकोनांत मोडत नाहीं. भेगा दिसतील तेथें त्या कोरून रुंद कराव्या आणि मग भराव्या. भेगेवर नुसता हात फिरविल्यानें ती बुजत नाहीं.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष लेपाची. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाजारांत एक पातळ द्रव मिळतो. तो मसाल्यांत मिसळला कीं वॉटरप्रूफिंग झालें असें बरेच मिस्त्री सांगतात. हा द्रव मसाल्यांतील छिद्रें कमी करतो हें खरें, आणि त्यासाठीं भारतीय मानकही आहे. परंतु मसाल्याला भेग गेली तर ती भेग झांकण्याची शक्ति त्याच्यांत नाहीं. ती शक्ति फक्त वरून दिलेल्या लवचिक लेपांत असते. लेपापूर्वीं पृष्ठभाग झाडून, धुवून, ओलसर ठेवावा. पाणी मात्र सांचलेलें नसावें. कोपऱ्यांत आणि मोरीभोंवतीं पहिल्या ओल्या लेपांतच जाळीदार कापडाची पट्टी दाबून बसवावी. पहिला हात उभा दिला तर दुसरा आडवा द्यावा, म्हणजे पहिल्यांत राहिलेलीं सुईएवढीं छिद्रें दुसऱ्यानें बुजतात. दोन हातांमध्यें किती तास जाऊं द्यावे हें डब्यावर छापलेलें असतें. तें घरांतील शिकलेल्या माणसानें वाचून मिस्त्रीस सांगावें. जमिनीवर सर्वत्र, इतर भिंतींवर फूटभर, आणि शॉवरच्या भिंतींवर शॉवरच्या तोंडाच्याही वरपर्यंत लेप चढला पाहिजे.

लेप भिंतीवर सहा-सात फुटांपर्यंत न्यावयाचा असें आम्ही सांगितलें तेव्हां मिस्त्री हंसले. "गुरुजी, टाकी बांधायची आहे का न्हाणी?" आम्ही म्हटलें, "टाकीच समजा." पुढें काम झाल्यावर त्यांनींच आम्हांस सांगितलें कीं, शॉवरच्या पाठीमागच्या खोलींत कपाटामागें भिंत फुगल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे नेहमीं येतात, आणि लोक दोष रंगाला देतात.

पांचवी गोष्ट परीक्षेची. परीक्षेवांचून उत्तीर्ण करणें आम्हांस कधींच मान्य नव्हतें. लेप पुरता वाळल्यावर मोरीचें तोंड बंद करून, दाराशीं विटांचा तात्पुरता बांध घालून, जमिनीवर दोन-तीन इंच पाणी भरावें आणि निदान अठ्ठेचाळीस तास तसेंच ठेवावें. पाण्याच्या कांठाशीं भिंतीवर पेन्सिलीनें रेघ ओढून ठेवावी. थोडें पाणी वाफेनें कमी होतें, तेवढ्यानें घाबरूं नये. पण पातळी स्पष्टपणें उतरली तर पुढचें काम थांबवावें. ह्या दोन दिवसांत स्वतः खालच्या बिऱ्हाडांत जाऊन, त्यांच्या परवानगीनें, त्यांचें छत पाहून यावें. आम्ही सकाळ-संध्याकाळ गेलों. तेथील वहिनींनीं चहा दिला आणि "भाऊजी, आतापर्यंत आमचं छत पाहायला आपणहून कोणी आलं नव्हतं," असें त्या म्हणाल्या. तक्रार आल्यावर जाणें आणि तक्रारीपूर्वीं जाणें यांत पायऱ्या तितक्याच उतराव्या लागतात. बोलण्याचा सूर मात्र अगदीं निराळा लागतो.

स्लॅब खोलगट असेल तर तो भरून काढल्यावर, फरशीच्या लगेच खालीं, पुन्हां एकदां लेप द्यावा. खालचा लेप स्लॅबचें रक्षण करतो. वरचा लेप भरावांतच पाणी सांचूं देत नाहीं. एकाच लेपावर विसंबल्यास भरावाचा स्पंज होतो, आणि फरशीच्या सांध्यांतून पांढरे क्षार फुलूं लागतात.

ढाळ, फरशी आणि सांधे

लेपानंतर ढाळ. शॉवरच्या जमिनीला मोरीकडे दर फुटामागें सुमारें दोन सूत उतार हवा. म्हणजे तीन फुटांत पाऊण इंच. हा ढाळ लेपाखालच्या थरालाही असावा. केवळ फरशी वांकडी बसवून ढाळ साधूं नये. मोठ्या फरशीला चारही बाजूंनीं उतार देतां येत नाहीं. ती कापावी लागते. म्हणून शॉवरच्या जमिनीवर लहान चौकोनांची, खरखरीत फरशी घ्यावी. तिचे सांधे पुष्कळ असल्यानें पायालाही धर मिळतो. दिवाणखान्यांत शोभणारी गुळगुळीत फरशी साबणाचें पाणी पडलें कीं घात करते. घरांत वृद्ध माणसें असतील तेथें रंगापेक्षां हा विचार आधीं करावा. आमच्या घरांतून हाच आग्रह होता आणि तो योग्य होता. हाताला धरावयाची दांडी कोठें हवी हेंही आधींच ठरवावें, म्हणजे तिच्यासाठीं भिंतींत भक्कम आधार ठेवतां येतो, आणि मागाहून लेपाला भोंक पाडावें लागत नाहीं. कांचेच्या आडोशाचे खिळेही जमिनींत ठोकूं देऊं नयेत. ते भिंतींत घ्यावे आणि भोंकांत आधीं सिलिकोन भरून मग पेंच आवळावे.

फरशी चिकटविण्याविषयीं एक महत्त्वाची गोष्ट. भिंतीवरची साधी झिलईची फरशी पाठीमागून पाणी पिते, म्हणून तिला भिजवून सिमेंटवर बसविण्याची जुनी रीत होती. हल्लींची 'व्हिट्रिफाइड' फरशी आपल्या वजनाच्या शेंकडा अर्ध्याहूनही कमी पाणी घेते. सिमेंटच्या राळ्याला तिच्या पाठीवर पकड मिळत नाहीं. तिच्यासाठीं फरशीचा खास चिकट मसालाच वापरावा. त्याचें भारतीय मानक १५४७७ क्रमांकाचें आहे. पिशवीवर तें पाहून घ्यावें. हा मसाला दांतेरी थापीनें एका दिशेनें ओढावा आणि फरशी किंचित् सरकवीत दाबावी. चार कोपऱ्यांवर आणि मध्यें एकेक गोळा ठेवून फरशी चिकटविणें ही रीत ओल्या जागीं अगदीं वर्ज्य समजावी, कारण त्या गोळ्यांच्या मधल्या पोकळींतच पाणी सांचतें. आम्ही पहिल्या दिवशीं बसविलेल्या फरशांपैकीं एक ओली असतांनाच काढावयास लाविली. मसाला पाठीच्या जवळजवळ सर्व भागास लागलेला दिसला, तेव्हां मग पुढें जाऊं दिलें. वाळल्यावर प्रत्येक फरशी लाकडी मुठीनें हळूच ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला कीं खूण करावी. आमच्या न्हाणीघरांत अशा तीन निघाल्या.

फरशा एकमेकींस अगदीं भिडवून बसविण्याची हौस पुष्कळांस असते. ती चुकीची आहे. दोन-तीन मिलिमीटर तरी सांधा ठेवावा, म्हणजे त्यांत भरणी खोलवर जाते. शॉवरमध्यें शक्य तर इपॉक्सीची भरणी घ्यावी. ती महाग असते आणि बसविणारा हात कुशल लागतो, पण ती पाणी पीत नाहीं. भिंत व जमीन मिळतात तो कोपरा मात्र कोणत्याही कठीण भरणीनें भरूं नये. तेथें हालचाल असते. लवचिक सिलिकोनच पाहिजे. अखेरीस बादलीभर पाणी ओतून पाहावें. पाणी कोठें थबकतें तें दिसतें. फरशी ताजी असतांनाच हें पाहिलेलें बरें.

खर्च आणि काळजी

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. आमच्या कामांत लेपाचा सर्व खर्च फरशीच्या खर्चाच्या पांचव्या हिश्श्याहूनही कमी आला. जास्त लागला तो वेळ. लेप वाळण्याचे, पाणी भरून ठेवण्याचे आणि भरणी सुकण्याचे दिवस मिस्त्रीला रिकामे वाटतात, आणि घरच्यांना गैरसोयीचे. एकच न्हाणीघर असलेल्या घरांत तर सर्व कुटुंबाला शेजारीं स्नानास जावें लागतें. म्हणूनच ते दिवस कापले जातात. आमचा सल्ला असा कीं, काम सुरू करण्यापूर्वींच हे दिवस दिनदर्शिकेवर मांडावे, मिस्त्रीशीं तसें बोलून ठेवावें, आणि घरांतील कार्य, परीक्षा, पाहुणे यांच्या तारखा पाहून मगच पहिला घाव घालूं द्यावा. लग्नघाईंत केलेलें न्हाणीघर बहुधा पुन्हां फोडावें लागतें.

काम झाल्यावरही थोडी देखरेख हवी. दिवाळीच्या साफसफाईंत मोरीची जाळी उचलून केस व साबणाचा गाळ काढावा, कोपऱ्यांतील सिलिकोन सुटलें किंवा काळें पडलें असेल तर कापून नवें घालावें, आणि खालच्या बिऱ्हाडास एकदां विचारून यावें. फरशी घांसण्यास तीव्र आम्ल वापरूं नये. तें सिमेंटची भरणी खाऊन टाकतें.

शेवटची सूचना लेखणी धरणाऱ्या माणसाची आहे. फरशी लावण्यापूर्वीं प्रत्येक भिंतीचें छायाचित्र काढावें, आणि नळ व तारा जमिनीपासून किती इंचांवर व कोपऱ्यापासून किती इंचांवर जातात याचा साधा नकाशा वहींत काढून ठेवावा. लेपाचें नांव, दिल्याची तारीख आणि पाणी भरून ठेविल्याचे दिवस हेंही त्यांत लिहावें. आमच्या सूनबाईंनीं ती वही घराच्या कागदपत्रांच्या पेटींत ठेवली आहे. वीस-पंचवीस वर्षांनीं नातवंडांपैकीं कोणी ह्या भिंतींत एखादा खिळा मारावयास निघेल, तेव्हां आम्ही सांगावयास नसूं, वही असेल.